घरामागे एक

आमच्या खाडीकाठच्या गावात खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचा लांब बांध घातलेला आहे. उधाणाला तो कुठे फुटला की हाक पडते आणि घरामागे एक माणूस फावडं-घमेलं घेऊन धावतो. पाळीपाळीने कुणी जात नाही. भरती चढायच्या आत भगदाड बुजवायचं, तर सगळ्यांनी एकदमच जायला हवं. ही सवय माझ्या हाडीमांसी भिनलेली, आणि तिनेच मला आरोपी केलं.

दोन वर्षांपूर्वी त्या शेतांवर भराव टाकून गोदामं बांधायचं ठरलं. गावाने हरकती नोंदवायच्या त्या फक्त सरकारी संकेतस्थळावर. सातबाऱ्याचा फोटो जोडा, मोबाइलवर आलेला आकडा भरा, असला अर्ज. चिखलात जन्म काढलेल्यांना हे जमणार नाही, अशी कुणाची तरी खात्री असावी. मी तेव्हा कॉम्प्युटरची पदवी घेऊन नुकतीच घरी आले होते, आणि माझं डोकं तडकायला फार काही लागत नाही. मी एक साधं पान तयार केलं. त्यात नाव आणि जमिनीचा नंबर टाकला की हरकतीचा मजकूर तयार. मग फक्त बटण दाबायचं.

हरकतींच्या शेवटच्या दिवशी सकाळी देवळासमोर सगळे फोन घेऊन बसले. एकेकाने दाबा, असं सांगायला हवं होतं. इतकी शिकलेली मी, पण मला ते सुचलंच नाही. बांधावर देतात तशी मी हाक दिली आणि सगळ्यांनी एकदम दाबलं. मुंबईला कामाला गेलेल्यांनी दाबलं, चौलपासून काशीदपर्यंतच्या सोयऱ्यांनीही दाबलं. अर्ज जाईना म्हणून पुन्हा दाबलं, परत परत दाबलं. संकेतस्थळ संध्याकाळपर्यंत आडवं झालं. खरं सांगते, मला तेव्हा हसू आवरेना.

आठ दिवसांनी पोलिसांची नोटीस आली. संकेतस्थळावर हल्ला केल्याची तक्रार होती. शब्द न् शब्द सारखा मजकूर, तोही एकाच मिनिटात. म्हणजे हे एकटीने यंत्राकडून करवलेलं काम, असा त्यांचा हिशेब. लॅपटॉप जप्त झाला. मला नवी मुंबईत नोकरी लागली होती, फक्त पोलिसांचा चारित्र्याचा दाखला द्यायचा राहिला होता. आता सगळं त्या दाखल्यावर अडलं.

पोलीस ठाण्यातले साहेब वाईट नव्हते. त्यांनी माफीपत्र पुढे सरकवलं. हे सगळं मी एकटीने केलं, गावकऱ्यांना काही कल्पना नव्हती, एवढं लिहून द्यायचं. मग प्रकरण वर जाणार नाही आणि दाखलाही मिळेल. मी पेन उचललं. ते मी लपवणार नाही. नोकरी मला हवी होती, आणि मी घाबरलेही होते.

तेवढ्यात माझी काकी दार ढकलून आत आली. तिच्यामागे व्हरांडाभर गाव उभं होतं. कुणी बोलावलं नव्हतं, पण मला नोटीस आल्याचं कळल्यावर घरामागे एक माणूस निघाला होता.

काकीने तो कागद मला वाचायला लावला. ऐकून झाल्यावर साहेबांना म्हणाली, "आमाला कल्पना न्हवती कशी? बटन मी दाबलंय, माज्या बोटानं. माजं बी नाव लिवा."

साहेब म्हणाले, "मावशी, पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"व्हय, ठाव हाय," काकी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बांधावर माती टाकली म्हनून कुनी माफी मागतं काय गं?"

मी पेन खाली ठेवलं. त्या दिवशी साहेबांना दुपारचं जेवता आलं नाही, कारण प्रत्येकाला आपला जबाब लिहून हवा होता.

नोकरी गेली. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण हरकती शेवटी सरकारला गावात येऊन कागदावर घ्याव्या लागल्या, आणि भरावाचा एकही डंपर आजवर बांध ओलांडून आलेला नाही. खटला मात्र चालू आहे. आता मी गावातच लोकांचे अर्ज भरून देते, आणि तारखेला ताठ मानेने कोर्टात जाते. बरोबर घरामागे एक माणूस असतोच.

मागच्या तारखेला आरोपीचा पुकारा झाला, तेव्हा माझ्याआधी काकीच उठून उभी राहिली. मी तिला हाताला धरून खाली बसवलं आणि पुढे झाले.