पाण्याची सवय

माझी मावशी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुवायची. हात कायम पांढरे पडलेले आणि जीभ अशी तिखट की मोठ्या सिस्टरसुद्धा तिच्यापुढे डागाळलेल्या चादरींचा गठ्ठा टाकताना जरा बिचकायच्या. आमच्या छोट्या चर्चमधले बाप्तिस्म्याचे झगेही तिच्याच ताब्यात असत. आमच्यात तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत. जाणत्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा आणि व्यासपीठाखालच्या हौदात पूर्ण बुडून तो घ्यायचा. सुती झगा पाण्यात फुगून वर येतो, म्हणून मावशी त्याच्या घेरात शिशाचे तुकडे शिवायची. कितीजणांना तिने असं तयार करून पाण्यात धाडलं, पण स्वतः मात्र कोरडीच राहिली.

नवीन आलेली माणसं यावरून कुजबुजायची. मला भयंकर राग यायचा. माहीत नसेल तर गप्प बसावं ना माणसानं!

नवरा लवकर गेलेला, पोरगा एकच. आंघोळीचं नाव काढलं की घरभर पळायचा, म्हणून सगळे त्याला बोक्या म्हणायचे. पंधराव्या वर्षी त्याने आपणहून बाप्तिस्मा मागितला. मायलेकांनी एकाच रविवारी घ्यायचं ठरलं. मावशीने दोन झगे शिवले. पण डोकं पाण्याखाली जाणार म्हटल्यावर बोक्याचं धाबं दणाणलं.

"आई, नुसतं शिंपडून नाही का चालणार?"

मावशी हसत सुटली. "सगळ्या मंडळीसमोर नाकातोंडात पाणी जाऊन खोकत बसशील आणि माझं नाक कापशील. जा, जरा पाण्याची सवय कर."

थट्टाच होती ती. तशी ती दिवसातून पन्नासदा करायची. पण पोरगा खरंच गेला, एकटाच, गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीतल्या पाण्यावर. संध्याकाळी काठावर त्याच्या चपला सापडल्या. शेजारी शर्ट होता, नीट घडी करून ठेवलेला. जन्मात कधी कपड्याची घडी घातली नव्हती त्याने.

दफन झाल्यावर आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले. मावशीच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"त्याचा बाप्तिस्मा राहिला. आता त्याचं काय?"

"पाणी तारत नाही, ताई. प्रभू तारतो. आणि प्रभूनं त्याचं मन पाहिलंय."

"मग त्याच्या वतीनं मी घेते."

"तसं नाही हो घेता येत. ज्याचं त्यानंच उतरावं लागतं."

"मग माझाही राहू दे. तो दाराबाहेर उभा असताना मी एकटी आत जाऊन बसू होय?"

त्यानंतर या विषयावर तिच्या तोंडाला कुलूप लागलं. दोन्ही झगे पेटीत गेले. दुसऱ्यांचे मात्र ती शिवत राहिली, धूत राहिली. पोरं मोठी झाली, पाळकसाहेबांचे केस पिकले, मावशी वाळून काडी झाली.

मग एकदा पाळकसाहेब नव्या मुलांना शिकवत होते. मावशी मागच्या बाकावर घेर टाचत होती, मी सुईत दोरा ओवून देत होते. ते म्हणाले, "बाप्तिस्मा म्हणजे नुसतं अंग धुणं नव्हे. पाण्याखाली जायचं म्हणजे ख्रिस्ताच्या मरणात जायचं, त्याच्यासोबत पुरलं जायचं. वर यायचं ते त्याच्यासोबत उठून."

मावशीची सुई थांबली.

"म्हणजे प्रभू खाली होता?"

"कुठं, ताई?"

"पाण्याखाली. माझा बोक्या होता तिथं."

मुलं वळून बघायला लागली. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"होता," ते म्हणाले. "आपल्या आधी तोच उतरलेला असतो."

मावशीने दोरा दातांनी तोडला. "मग या रविवारी माझंही नाव घ्या."

रविवारी ती बोक्याचा झगा घालून आली. आता तो तिला बरोबर बसत होता. पाळकसाहेबांनी ओळखला, तशी तीच म्हणाली, "वतीनं नाही. नुसता अंगात घातलाय." हात धरून त्यांनी तिला हौदात उतरवलं.

ती खाली गेली आणि लवकर वर येईना. पाळकसाहेबांनी दोन्ही हातांनी ओढून काढलं. तोंडावरचं पाणीही न पुसता ती त्यांच्यावर खेकसली, "एवढ्यात कशाला उठवलंत?"

मंडळी गोड हसली आणि गाणं सुरू झालं. मला मात्र तिथे उभं राहवेना. मागच्या खोलीत नेऊन मी तिला टॉवेलात गुंडाळलं. ती लटलट कापत होती आणि इतक्या वर्षांचं रडत होती. मीही रडले.

"डोळे उघडे ठेवले होते मी," ती म्हणाली. "खालून वर बघितलं की उजेड दिसतो गं. हलतो सारखा. आणि पाळकांचा हात दिसतो."

मी तिचे केस पुसत राहिले.

"त्याला उजेड तरी दिसला असेल."