डीलियाच्या कमरेची किल्ली

आमच्या बिनलग्नाच्या डीलियाने एक्केचाळीस वर्षं फादरांचा स्वयंपाक केला, चर्च झाडलं आणि बाप्तिस्म्याच्या वह्यांच्या कपाटाची किल्ली कमरेला बांधून ठेवली. अमेरिकेहून माणसं आपले आजे-पणजे शोधत यायची. डीलिया त्यांना सोडा ब्रेड खाऊ घालायची आणि स्वतःच्या हाताने पानं उलटून दाखवायची. फक्त १९२८ची वही कुणाला नाही. ती उंदरांनी खाल्ली म्हणे.

त्या घरात तीन मांजरं होती. मला कसं पटावं? त्याच वहीत डीलियाचं स्वतःचं नाव. बाई वय चोरतेय, असं मी धरून चालले होते.

मग एक दिवस ग्लासगोची इझोबेल माझ्या दारात उभी राहिली. आजीने वाढवलेली, चव्वेचाळीस वर्षांची बाई. बापाचं नाव मॅलकी डेव्हनी, गाव हे, एवढंच तिला ठाऊक. आमच्या गावात मॅलकी डेव्हनी तीन. त्यातला एक माझा नवरा, सहा वर्षांपूर्वी गेलेला. तरुणपणी तो दोन वर्षं ग्लासगोला खणायच्या कामावर होता खरा, पण आमच्याकडचं कोण नव्हतं?

ही आमच्या जमिनीवर डोळा ठेवून आलीय, असं मला वाटलं. म्हणून मीच तिला डीलियाकडे नेलं. लग्न कुठेही होवो, त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत नावाशेजारी समासात होते. माझा मॅलकीही १९२८चाच. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.

डीलियाने पुन्हा उंदीर काढले.

"मांजरांना पेन्शन दिलीस का गं?" मी म्हटलं.

ती हसली नाही. "नोनी, तू घरी जा. हिला मी दाखवते."

आता तर मी खुर्चीच धरून बसले. शेवटी तिने वही काढली. माझ्या मॅलकीच्या नावाशेजारी दोन ओळी होत्या. खालची आमची, १९५७ची. वरची ग्लासगोची, १९५३ची.

"पहिली बाळंतपणात गेली," डीलिया म्हणाली. "फादरांनी हे वाचूनच तुमचं लग्न लावलं. तुझं लग्न खरंच आहे, बाई. तुला सांगायचं नाही, अशी त्याने मला शपथ घातली होती."

इझोबेलने हळूच विचारलं, "माझं नाव कधी काढायचे का ते?"

मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "नाही. पण चल घरी, त्याचे फोटो दाखवते." मेलेल्या माणसावर चिडून करणार काय?

निघताना मी वळून पाहिलं. वही अजून उघडी होती, आणि डीलियाने आपल्या नावाशेजारच्या समासावर तळहात ठेवला होता.