जमिनीतला उन्हाळा

एसी मेकॅनिकला मे ते सप्टेंबर कोणी माणूस समजत नाही. ओमानमधल्या बरका गावात आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. वसईचा हिलरी दिवसभर गच्च्यांवर भाजून आला की त्याच्यात जेवायलाही जीव उरत नसे. पण डिसेंबर आला की एसी बंद आणि हिलरी वसईला! त्या रजेच्या आशेवरच तो वर्ष ढकलायचा. घरातली कार्यंही सगळी त्याच सुमारास. रोशेलचं, त्याच्या एकुलत्या मुलीचं लग्नसुद्धा २००४च्या जानेवारीतच ठरलं.

माशी शिंकली ती जर्मनीत. आमचा मालक, म्हणजे अर्बाब, आईचे गुडघे दाखवायला तिकडे गेला आणि एक खूळ घेऊन आला. एसी घरातली उष्णता बाहेर फेकतो, ती अंगणात खोल बोअर मारून नळ्यांतून जमिनीत सोडायची. हिवाळ्यात तेच मशीन उलटं चालवून ती वर ओढायची आणि म्हातारीच्या संगमरवरी फरशीखालून फिरवायची. म्हातारी दिवसभर जमिनीवरच बसायची, नमाजही तिथेच.

मी हसलो. हिलरी मात्र त्या मशीनच्या प्रेमातच पडला. भर जूनमध्ये अर्बाबला म्हणाला, "दुसरे किसी को हाथ मत लगाने देना. मैं हूँ ना." इतका मुरलेला माणूस, पण हे मशीन हिवाळ्यातही चालणार हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. एसीवाल्याचा हिवाळा म्हणजे सुट्टी, एवढंच त्याला ठाऊक.

डिसेंबरात फरशी खरोखर कोमट झाली. म्हातारीने त्याला तोंडभर दुवा दिली. पण मशीन सारखं अडायचं आणि फक्त हिलरीचंच ऐकायचं. त्याने रजा मागितली तेव्हा अर्बाब गोड हसला. "तुमने ही बोला था ना? माँ की ठंडी जाने दो. मार्च में जाओ, इन्शाल्ला."

पासपोर्ट अर्बाबच्याच कपाटात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिलरी नुसता खाली बसला. भांडायला अंगात ताकद लागते, त्याची गच्चीवरच संपली होती.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तो मशीनपाशीच होता, मी सोबतीला. वसईहून त्याच्या बायकोचा, क्लोटिल्डाचा फोन आला. मागे बँड वाजत होता. नवरीच्या अंघोळीचं पाणी आणायला सगळे विहिरीवर निघाले होते. तिने फोन रोशेलकडे दिला.

"डॅडी, तू रडतोयस?"

"नाही गं बाय." त्याने मशीनच्या नळीवर हात ठेवून पाहिला. मग म्हणाला, "विहिरीचं पाणी गार असेल. जरा तापवून घे हं."

आतून म्हातारीची हाक आली. फरशी गार पडली होती. हिलरीने फोन खिशात टाकला आणि पाना उचलला.