वसुधा शेवटी बोलणार होती

बातमी आली तेव्हा मी शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या इंडियन ग्रोसरीत फ्रीझरचं दार उघडून उभी होते आणि हातात फ्रोझन आवळ्यांचं पाकीट होतं. आदल्या दिवशीच वसुधाने कॉटवर पडल्या पडल्या फर्मावलं होतं, "शुभा, डबी रिकामी व्हायला आलीय. आवळे घेऊन ये, कसं करायचं ते सांगते." फोन श्रीकांतचा होता, तिच्या नवऱ्याचा. "वसू गेली," तो म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत, "तू ड्राइव्ह करत नाहीयेस ना?" श्रीकांत हा असा आहे. बायको नुकतीच गेलेली आणि याला माझ्या गाडीची काळजी. मी नाही म्हटलं, फ्रीझरचं दार लावलं आणि कोण जाणे का, पाकीट परत न ठेवता रांगेत जाऊन पैसे दिले. याला आता काही आठवडे झाले. त्या माणसाच्या काळजीचा मला राग येतो, मग त्याची कीव येते, मग परत राग येतो, आणि या सगळ्यात एका जागी बसवत नाही. म्हणून लिहायला बसले आहे... बसले म्हणजे, मधून मधून उठते आहे.

वसुधा नागपूरची, मी पुण्याची. दोघी तरुण वयात इकडे आलो, आणि मी कशालाही नाक मुरडलं की ती "पुणेकरीण बोलली" म्हणून टाळी द्यायला हात पुढे करायची. आमचा वाचन गट तिनेच जमवला. महिन्यातून एका रविवारी दुपारी जमायचं, ज्याच्या घरी जमायचं त्याने पुस्तक निवडायचं, सगळ्यांनी वाचून यायचं, आणि पुस्तक मराठी असो की इंग्रजी, बोलायचं मराठीत. सुरुवातीला व्हायचं असं, की पुस्तक निवडणाराच आधी भाषण ठोकायचा आणि बाकीचे "अगदी बरोबर" म्हणून खाण्याकडे वळायचे. वसुधाने त्यावर उपाय काढला. ज्याचं पुस्तक त्याने सगळ्यात शेवटी बोलायचं, आणि तोवर तोंड बंद राहावं म्हणून तोंडात आवळा सुपारी धरायची. सुपारी तिची घरची. ती रोज शिकागोला नोकरीला ट्रेनने जायची. उन्हाळ्यात मीठ-आलं लावलेल्या आवळ्याची ताटं गाडीच्या मागच्या काचेखाली मांडायची आणि गाडी स्टेशनच्या पार्किंगमध्ये दिवसभर तापत ठेवायची. तिच्या गाडीला बारा महिने आवळ्याचा वास. छोट्या स्टीलच्या डबीतून ती सुपारी पुस्तकवाल्याला मिळायची आणि भले भले बडबडे गप्प व्हायचे. मी दोनदा गिळून टाकून बोलायला लागले होते. दोन्ही वेळा तिने मला तोंड उघडून दाखवायला लावलं.

मग तिला ब्रेस्ट कॅन्सर निघाला. गट तिच्यासाठी धावला हे आधी सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्या लोकांना वाईट ठरवाल. कोणी कधी डबा द्यायचा याची वाटणी झाली, ऑपरेशननंतर कित्येक आठवडे त्या घरात चूल पेटली नाही. केमोला मी घेऊन जायचे. श्रीकांतने तर नोकरीतून रजा घेतली, औषधांचे अलार्म लावले, घरातले सगळे सरकणारे गालिचे उचलून टाकले. तिला नीट झोप लागावी म्हणून तो शेजारच्या खोलीत झोपायला गेला आणि तिच्या उशाशी लहान बाळांच्या खोलीत ठेवतात तसला मॉनिटर ठेवला, रात्री काही लागलं तर हाक ऐकू यावी म्हणून. "माझा श्वाससुद्धा ऐकतो तो पलीकडून," वसुधा मला गाडीत म्हणाली, "पण अलीकडे येत नाही." मी हसले. ती हसली नाही. "शुभा, सगळे मला डबे देतात, पण जवळ कोणी घेत नाही. लांबून अर्धी मिठी मारतात. मी काय ओला रंग दिलेली भिंत आहे?"

तिला जवळ घेतलं ते डेनिसने. डेनिस तिची ऑफिसातली आणि ट्रेनमधली मैत्रीण; शिकागोची, कृष्णवर्णीय, चर्चच्या कॉयरमध्ये गाणारी, मोठ्या आवाजाची बाई. ती एका दुपारी आली, वसुधाचे कोरडे पडलेले हात पाहून "हे काय करून घेतलंयस" म्हणून ओरडली, पर्समधून लोशनची बाटली काढली आणि तिला पाठ करून बसायला सांगून मान, खांदे, पाठ सगळं चोळून दिलं, ऑपरेशनच्या व्रणाच्या कडेपर्यंत. मी तिथेच होते. मला पाहवेना, आणि का पाहवत नाही ते कळेना. डेनिस गेल्यावर वसुधा म्हणाली, "इतक्या महिन्यांत हातमोजा नसलेला हात आज लागला." मला राग आला, खरं सांगते. तीस वर्षांची मैत्रीण मी, आणि हे सुचलं त्या बाईला.

पुस्तकही डेनिसनेच दिलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर हा लेख पुस्तकाच्या वादात जाईल. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका छोट्या गावातल्या दोन कृष्णवर्णीय मैत्रिणींची कादंबरी आहे. त्यातली एक आयुष्यभर पुरुषांवरही प्रेम करते आणि बायकांवरही, लपूनछपून नव्हे, अगदी गावाच्या नाकावर टिच्चून. पन्नाशीत तिला मोठं आजारपण येतं, गाव पाठ फिरवतं, मैत्रीण येऊन राहते. आणि अंथरुणावरसुद्धा त्या बाईला हवंसं वाटणं थांबत नाही. शरीर दुखतं आणि त्याच शरीराला स्पर्शही हवा असतो, हे लेखिका स्वयंपाक सांगावा इतक्या साधेपणाने सांगते. डेनिसच्या चर्चमधल्या बायकांच्या गटात ते वाचायला घेतलं होतं. निम्म्या जणींनी अर्ध्यात परत केलं, एकीने तर त्याला दुसऱ्या पुस्तकाचं कव्हर घालून वाचलं. डेनिसची तक्रार वेगळीच होती. "आमच्या गोष्टीत कोणीतरी मरायलाच हवं का?" ती चिडून म्हणाली. "मला या बाईला म्हातारी झालेली बघायचं होतं. दात पडलेली, भांडखोर." वसुधाने पुस्तक दोन दिवसांत संपवलं आणि जाहीर केलं, की गटात तिची वेळ येईल तेव्हा हेच.

"वसू, आपले लोक फेफरं येऊन पडतील," मी म्हटलं. मग तिने खरं कारण सांगितलं. तिला ते श्रीकांतला ऐकवायचं होतं. तो गटात बोलत नसे, पण घरी बैठक असली की ओट्यापाशी चहा करत सगळं ऐकायचा. "इतकी वर्षं संसार झाला, पण हे बोलायची आमच्यात पद्धतच नाही," ती म्हणाली. "समोरासमोर मला जमणार नाही. शेवटी माझा नंबर आला की मी त्या बाईबद्दल बोलेन. त्याला बरोबर कळेल कोणाबद्दल चाललंय." एवढंच तिला हवं होतं, की नवऱ्याने पलीकडच्या खोलीतून अलीकडे यावं.

बैठक त्यांच्या घरी झाली. बाहेर पानगळ, आत सगळ्यांकडे ते पुस्तक, आणि जो तो ते मांडीवर पालथं ठेवून बसलेला. वसुधाने डोक्याला रुमाल बांधला होता, कपाळावर मोठी टिकली. डबी उघडून तिने सुपारी तोंडात टाकली आणि मानेनेच सुरू करा म्हणाली. मेधा आमच्यात सगळ्यात लहान, टेकमध्ये आहे. ती म्हणाली, "मी ऑडिओबुक घेतलं होतं यार, कारमध्ये लावलं, मागे मुलगा बसलेला. असा सीन आला की मी पॉज करायला गेले आणि व्हॉल्यूमच वाढवला." सगळे पोट धरून हसले, वसुधासुद्धा, तोंड मिटून. मग सुलभाकाकू म्हणाल्या, की मैत्री छान रंगवलीय, ते बाकीचं काढलं असतं तर पुस्तक घरात ठेवता आलं असतं. "त्यांच्यात चालत असेल," त्या म्हणाल्या, "आपल्याकडे बाई, आजारपणात देवाचं नाव घेतात." त्यांच्यात चालत असेल! डेनिसच्या चर्चमधल्या बायका माझ्या डोळ्यांसमोर आल्या. आयुष्य या देशात घालवून आमच्यातल्या कितींच्या टेबलावर एखादी काळी मैत्रीण जेवली असेल, हा प्रश्न माझ्या जिभेवर होता. पण कोणीतरी कादंबरीतल्या शिव्यांबद्दल बोलायला लागलं आणि तो राहून गेला.

शेवटून दुसरे प्रभाकरकाका. निवृत्त डॉक्टर, सज्जन माणूस, वसुधाचे रिपोर्ट तेच समजावून द्यायचे. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आजाराची माहिती अगदी अचूक आहे. फक्त एक पटलं नाही. मी जन्मभर पेशंट बघितले. अशा अवस्थेत माणसाला हे असलं काही सुचत नाही. ते लेखिकेने घुसडलंय." डॉक्टरच म्हणाले, त्यामुळे सगळ्यांच्या माना हलल्या, आणि ओट्यापाशी श्रीकांतचीही हलली. ती मी पाहिली. वसुधानेही पाहिली.

"काका, कधी कुठल्या पेशंटला विचारलंत?" मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं. मेधा जमिनीकडे बघायला लागली आणि काकांचा चेहरा लाल झाला. मग कोणीतरी म्हणालं, "वसुधा, आता तुझा नंबर." वसुधाने सगळ्यांकडे पाहिलं, श्रीकांतकडे पाहिलं. तिने डबी उघडली आणि दुसरी सुपारी तोंडात टाकली. थोडं थांबून लोक पुन्हा आपसात बोलायला लागले. कोणीतरी परत विचारलं तेव्हा तिने तिसरी टाकली. मग हाताने खूण केली, जेवायला चला.

पुढच्या केमोला जाताना ती म्हणाली, "काकांनी मला सर्टिफिकेटच दिलं. मला काही सुचत नाही." मी म्हटलं, मी श्रीकांतशी बोलू का? "नको," ती म्हणाली. "नंबर माझा आहे. मीच बोलेन." त्यानंतर आजार परतला आणि हाडांत गेला, मग हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या शुश्रूषेची, कॉट आली, नर्स आली, आणि घरात इतकं काही सुरू झालं, की तिचा नंबर मागेच पडला. डेनिस येत राहिली, लोशनची बाटली घेऊन. शेवटच्या महिन्यात मीही शिकले. पहिल्यांदा माझा हात इतका अवघडला होता, की वसुधा म्हणाली, "पुणेकरीण, पाठ आहे ती, टेबल पुसत नाहीयेस."

ती गेल्यावर सगळे बोलले ते हसतमुख आणि लढवय्यी असंच काहीतरी. मी ऐकत होते आणि आतून धुमसत होते. मेधाचा मात्र मेसेज आला, की पुस्तकाचा शेवटचा भाग तिने गाडी गराजमध्ये उभी करून ऐकला आणि आत जायला पाय उचलेना. मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. पण मला खरा घोर श्रीकांतचा होता. त्याला सांगावं तर तिने नको म्हटलेलं, आणि आता त्याने ऐकून करायचं तरी काय? न सांगावं तर वसुधाचं बोलणं माझ्याच पोटात राहणार. मी फ्रीझरमधले आवळे काढले, किसले, ओव्हनमध्ये वाळवले. तिने कसं करायचं ते सांगायचं राहूनच गेलं होतं. मीठ जास्त झालं आणि सुपारी दगडासारखी झाली. तरी तिची डबी भरली.

परवा श्रीकांतने बोलावलं, वसुधाच्या साड्या बघायला ये म्हणून. कॉट परत गेली होती, गालिचे अजून गुंडाळलेलेच होते. शेजारच्या खोलीत त्याच्या पलंगापाशी मॉनिटरचा हिरवा दिवा लागलेला होता. तो बंद का केला नाहीस, असं मी विचारलं नाही. टेबलावर ती कादंबरी होती. हा माणूस मशीनच्या मॅन्युअलखेरीज काही वाचत नाही. "वाचली," तो म्हणाला. "इंग्लिश अवघड आहे, म्हणून हळूहळू वाचली. सुरुवातीला लाज वाटली. मग ते आलं, ती आजारी बाई तिच्या जुन्या मित्राला म्हणते ना, की खुर्ची सोड आणि इकडे ये, मी काही मोडणार नाही..." पुस्तक त्याने उगीचच टेबलाच्या कडेला समांतर लावलं. "शुभा, त्या दिवशी वसू काय बोलणार होती?"

माझ्या पर्समध्ये डबी होती. मी ती काढली, उघडली, एक सुपारी ओठांपर्यंतसुद्धा नेली. तोंडात टाकली असती तर सुटले असते. मग परत डबीत ठेवली आणि त्याला सगळं सांगितलं. मॉनिटरचं, ओल्या रंगाच्या भिंतीचं, डेनिसच्या हाताचं, आणि पुस्तकाच्या आडून तिला काय मागायचं होतं त्याचंही.

"मला वाटायचं," शेवटी तो म्हणाला, "तिला दुखेल."

मग त्याने हात पुढे केला, डबीतली एक सुपारी उचलली आणि तोंडात धरली. मीही एक घेतली. साड्यांची कपाटं उघडी होती, बाहेर रस्त्यावरचं बर्फ वितळत होतं, आणि आम्ही दोघं त्या टेबलापाशी गप्प बसून राहिलो. वसुधाची सुपारी असती तर एव्हाना विरघळली असती. माझी विरघळेना.