आमचा दुसरा अटेम्प्ट

लातूरच्या त्या गल्लीत नाव विचारायची पद्धत नव्हती. नळाला पाणी आलं की आम्ही आया बादल्या घेऊन जमायचो, आणि नवी कुणी दिसली की प्रश्न ठरलेला, "कितवा अटेम्प्ट?" पोरं मेडिकलच्या परीक्षेची तयारी करायची आणि आम्ही घरदार सोडून, एकेका खोलीत राहून त्यांचा स्वयंपाक करायचो. मी कंधारकडची. गावी नवरा शेत आणि सासू सांभाळत होता, इथं मी पोरीचं जेवण आणि झोप.

"आमचा दुसरा," मी सांगायची. सगळ्याच आया 'आमचा' म्हणायच्या. शेजारची उदगीरची बाई, जिला सगळी गल्ली भाभी म्हणायची, तीही म्हणे, "हमारा भी दूसराच है." जणू पेपर आम्हीच सोडवणार होतो.

शाळेत आम्हाला 'अटेम्प्ट'चा अर्थ 'प्रयत्न' असा शिकवला होता. लातुरात तो मला पटेनासा झाला. प्रयत्न कुणी मोजत बसत नाही. मला भाकरी कितव्या खेपेला जमली हे सासूनंही कधी काढलं नाही, आणि ती काही सोडून देणाऱ्यातली नव्हती. अटेम्प्ट मात्र मोजतात, तोही पोरगं मेडिकलला लागत नाही तोवरच. लागलं की चौकात बॅनर, फोटो, हार्दिक अभिनंदन. मग कितवा होता ते कोण विचारतंय!

त्या दोन वर्षांत माझ्या बहिणीच्या पोरीचं लग्न झालं, मी गेले नाही. पोरगी वाचत असली की भांडीसुद्धा आवाज न करता घासायची. मी थकले होते. पण आईनं थकले असं म्हणायचं नसतं, म्हणून मी चिडायची. कधी दूधवाल्यावर, कधी फोनवर नवऱ्यावर.

निकाल लागला तेव्हा पोरीनं मोबाइल माझ्यापुढं धरला. मार्क मागच्यापेक्षा वाढले होते, तरी कमीच पडले होते. भाभीचा मुलगा लागला. ती पेढे घेऊन आली आणि ओढणीखाली डबा धरून दारातच थांबली.

"आत या की," मी म्हणाले.

"कैसे आऊँ?" म्हणाली आणि रडायलाच लागली. मला आधी तिचा राग आला, मग स्वतःचा. मी पेढा घेऊन खाल्ला.

ती गेली तसा नवऱ्याचा फोन. "मग, फुडं काय? अजून एक वर्ष बघायचं का? खोलीचं सांगावं लागंल."

"इचारते तिला," म्हणून मी फोन ठेवला. पोरगी भिंतीला टेकून बसली होती. आता कसं विचारावं, याची मी जुळवाजुळव करत होते.

"अजून एक अटेम्प्ट..." एवढंच तोंडातून निघालं.

"तू देतीस का, आई?" तिनं विचारलं.

मला टोमणाच वाटला. चिडून तिच्याकडं पाहिलं, तर ती खरंच विचारत होती. रोज माझं 'आमचा, आमचा' ऐकून तिनं त्यातला अर्धा माझ्या नावावर धरला होता. दोन वर्षं मला ज्यानं त्यानं कितवा ते विचारलं होतं. देणार का, हे कुणीच विचारलं नव्हतं. मला भडभडून आलं.

"न्हाई गं," मी म्हणाले. "लई थकले मी."

"मी बी," ती म्हणाली. मग सरकत आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली. किती तरी दिवसांनी उशाला पुस्तक नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. "काय ठरलं?" नवरा विचारत होता.

"हळू बोला, झोपलीय ती," मी म्हणाले. "खोली सोडायची. आमचे देऊन झाले."