तलावापल्याडची पानं

मला जेवणाला नावं ठेवायची खोड आहे, हे आधीच कबूल करतो. वीज केंद्रात तीस वर्षं साहेबांपुढे तोंड मिटून काढली, त्याचा सगळा सूड मी हॉटेलवाल्यांवर उगवतो. चहा पांचट, रश्श्यात नुसतं तेल, पोहे कालचे. बायको म्हणते, तुमच्या जिभेला हाड नाही. पण मूल गावाच्या रस्त्यावर, तलावाकाठच्या एका खेड्यात, टिनाच्या छपराखालची एक खानावळ सापडली आणि मी दोन वर्षं तिथे नावं ठेवायला जागा शोधत राहिलो.

तिथे पानगे मिळतात. आमच्याकडे पानगे सगळीकडेच होतात, पण कणकेचे. इथले तांदळाच्या पिठाचे, आणि आत लाखोळीच्या डाळीचं सारण. त्यात लसूण आणि लाल मिरची अशी की पहिल्या घासाला कानशिलं तापतात. तो गोळा पळसाच्या एका मोठ्या पानात गुंडाळायचा, अंबाडीच्या वाखाच्या दोरीनं बांधायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा. पान जळून काळं होतं, आतला पानगा पांढराच राहतो. ऊर्जानगरहून मोटारसायकलवर दीड तास जाऊन मी तो खायचो आणि कॉलनीत येऊन सांगायचो. कोणी विचारत नसलं तरी सांगायचो.

खानावळ सासू-सुनेची. सून चुलीजवळ आणि गिऱ्हाइकांत, सासू मागच्या बाजूला. पानं आणायचं काम सासूचं. मुलगा मिरची तोडायला तेलंगणात गेला की तीन-तीन महिने येत नाही. सासू सत्तरीची असावी, वाळकी आणि ताठ. बोलणं कमी. मी तिच्याशी दोन वर्षांत दहा वाक्यंही बोललो नव्हतो.

या थंडीत एकदा मी एकटाच गेलो, तर पानगा दोन लहान पानं काडीनं टाचून बांधलेला. फटीतून राख आत शिरली होती आणि दाताखाली कचकचली. मला नावं ठेवायला जागा मिळाली.

"बाई, हे काय ठिगळ लावलं?" मी भर दुकानात म्हणालो. "पान मिळत नाही काय चांगलं?"

सून ओशाळली. "जवळची पानं सरली न भाऊ. शेळ्या खाते, पत्रावळी-दोणेवाले नेते. मोठी पानं आता तलावाच्या पल्याड."

"मग पल्याडची आणा. पळसाला पानं तीनच, कबूल. पण ती तीन तरी धड द्या."

बाजूच्या बाकावरची माणसं हसली. मी पण हसलो, स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन. निघताना सांगून आलो, येत्या रविवारी आम्ही बाराजण येतो, पण हे ठिगळाचे पानगे चालणार नाहीत.

तलावापल्याड काय आहे ते मला माहीत नव्हतं असं नाही. रस्त्याला पाटी आहे, जंगलात एकट्यानं जाऊ नका. दिवाळीच्या आधी त्याच बाजूला गवत कापायला गेलेली एक बाई परत आली नव्हती. तिचा विळा सापडला, मग लुगडं सापडलं. गावात वाघाचं नाव घेत नाहीत. 'जनावर' म्हणतात, तेही आवाज खाली करून. हे सगळं मला ठाऊक होतं. फक्त जेवताना आठवलं नाही. माणूस स्वतःच्या ताटापलीकडचं किती विसरू शकतो, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं.

रविवारी आम्ही बाराजण गेलो, सगळे माझ्या शिफ्टचे. त्यात एक माझा जुना सहकारी, मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या मनाचा, जो कुठेही गेला तरी जागा आपलीच असल्यासारखा बसतो. पानगे आले. एकेक पान तळहाताहून मोठं, जाड, गर्द हिरवं, कुठे भोक नाही की चीर नाही. माझी छाती फुगली. मी सगळ्यांना पान सोडायचं कसं ते शिकवलं, पहिल्या घासाला पाणी पिऊ नका म्हणून बजावलं. सगळे घाम पुसत खात होते आणि माझी पाठ थोपटत होते.

बारा माणसांचे पानगे अर्ध्या तासात संपले. मीच ओरडलो, "बाई, अजून दहा-बारा करा ना."

सुनेनं मागे बघितलं. सासू भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, विळा घेतला, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि मागच्या दारानं गेली. मला वाटलं गोवऱ्या आणायला गेली असेल.

मग काहीच येईना. आमच्या लोकांनी बाकावर पत्ते काढले. सून चुलीपाशी बसून होती. पीठ मळून तयार, सारण तयार, गोळे वळून परातीत ओळीनं ठेवलेले. ती ओल्या फडक्यानं ते झाकत होती, उघडत होती, परत झाकत होती. निखारे विझायला आले की एक गोवरी टाकायची आणि मागच्या दाराकडे बघायची. त्या दारातून वावराचा बांध, त्यापुढे तलावाची पाळ आणि त्यापुढे झाडी दिसते. भर दुपारची वेळ, ऊन लख्ख, आणि तिकडे एक पाखरू बोलत नव्हतं.

पाऊण तासानं मी उठून तिच्याजवळ गेलो. "उशीर काऊन लागून राहिला?"

"पानं नाई न भाऊ," ती म्हणाली. "होती ते तुमच्या पहिल्या खेपेत सरली. बुढी गेली आणाले."

"कुठे?"

तिनं हनुवटीनं तलावाकडे दाखवलं.

"एकटी?"

"आता दुपारच्याले कोन येते सोबत?"

मी म्हणालो, राहू द्या, आम्हाला नको आता. सून म्हणाली, बुढी गेली न भाऊ. हे तिनं रागानं म्हटलं नाही, पाऊस पडून गेला असं सांगावं तसं म्हटलं. मी दारात उभा राहिलो. मागे आमचे लोक पत्त्यांवरून भांडत होते, हसत होते. मला त्या हसण्याची चीड आली आणि त्याहून जास्त स्वतःची. पण म्हातारीमागे जाऊन बघावं एवढी हिंमत माझ्यात नव्हती. पाळीपर्यंतसुद्धा मी गेलो नाही. हे लिहायला लाज वाटते, तरी खरं तेच आहे.

म्हातारी दीड तासानं आली. पाळीवर आधी गठ्ठा दिसला, मग ती. नेहमीसारखीच ताठ चालत होती. गठ्ठा खाली टाकला, घोटभर पाणी प्यायली आणि सुनेशेजारी बसून पानं पुसायला लागली.

सुनेनं हळूच विचारलं, "होता काय?"

"होता."

"कुठी?"

"पल्याडच्या बांधावर. पाठमोरा." तिनं एक पान उजेडात धरून पाहिलं, बाजूला ठेवलं. "मी पानं तोडणं थांबवलं नाई. थांबवलं असतं तं त्याले समजलं असतं, का मले समजलं म्हणून. तोडत राह्यली, मागं मागं सरकत राह्यली. तोही काई उठला नाई."

एवढंच. पुढे तिनं सुनेला मीठ जास्त झालंय का विचारलं. मी तिथेच उभा होतो. मला काहीतरी बोलायचं होतं. माफी मागायची की रागवायचं, तेच ठरेना. तेवढ्यात माझा सहकारी ढेकर देत आला. त्यानं यातलं एक अक्षर ऐकलेलं नव्हतं.

"बाई, मानलं तुम्हाला! पुढच्या रविवारी बायकापोरांना घेऊन येतो. वीस माणसं धरा."

सून हसली. कितीतरी दिवसांनी हसल्यासारखी. म्हातारीनं पानं पुसता पुसता मान हलवली.

"विसाले पानं लय लागतीन," ती सुनेला म्हणाली. "शनवारी सकाळीच जाईन मी."

आणि मी गप्प बसलो. एक वाक्य पुरलं असतं, 'नको, आम्ही येणार नाही.' पण सगळे खुशीत होते, जागा माझ्या शोधाची होती, आणि मला वाटलं, आठवडा पडलाय, निवांत सांगू. दुसरी खेप आली. मी एक पानगा उघडला आणि तसाच शेजारच्याला दिला.

सोमवारी सांगायचं ठरवलं. मंगळवारी सहकाऱ्यानं कॉलनीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. बुधवारी मी स्वतःची समजूत घातली, की या बायकांचं पोटच यावर आहे, मी कोण त्यांचं गिऱ्हाईक तोडणारा. पळपुट्या माणसाला असे विचार फार लवकर सुचतात. शुक्रवारी संध्याकाळी सुनेला लावायला फोन हातात घेतला, तर सहकारी घरी आला. पोरं किती उत्सुक आहेत ते सांगत तासभर बसला. तो गेल्यावर वाटलं, आता झोपल्या असतील, सकाळी करू.

आज शनिवार. सकाळी साडेआठला फोन लावला. सुनेनं उचलला.

"बाई, म्हातारीला म्हणा आज जाऊ नका," असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण आधी तिनंच विचारलं, "कमी तं नाई ना झाले भाऊ मानसं? बुढी उजाडताच गेली. पीठ पन दळून आनलं."

"गेली?"

"हो न. काऊन? काई सांगाचं होतं काय?"

आता येत नाही म्हटलं, तर ती ज्या पानांसाठी तिकडे गेली ती पानंच नकोत, असं झालं असतं. एवढं मला उच्चारवेना.

"वीसच ना भाऊ?" तिनं परत विचारलं.

"वीसच," मी म्हणालो. "त्या आल्या की मला फोन करा."

ती हसली. "काऊन? येतेच न ते."

आता दीड वाजलाय. सकाळपासून मी फोन समोर ठेवून बसलोय आणि हात रिकामे राहू नयेत म्हणून हे लिहून काढतोय. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली. मघाशी फोन वाजला तेव्हा मी खुर्ची पाडून उठलो. तो सहकाऱ्याचा होता. अजून पाचजण वाढलेत, सांगून ठेवशील काय, असं विचारत होता.

मी त्याच्यावर ओरडलो. उद्या कोणी कुठे जायचं नाही म्हणालो, एकानंही नाही. तो बिचारा गोंधळला, बरं बरं म्हणाला. बस, एवढ्यानं झालं. आठवडाभर जे मला जमलं नव्हतं ते म्हणायला एक मिनिटही लागलं नाही. मी लगेच फोन ठेवला, तिकडून लागला तर बिझी नको म्हणून.

तिकडून अजून आलेला नाही.