सात जणांची ओळख परेड

ती घटना आजही आठवते, असं म्हणून गोष्ट सुरू करायची आम्हा निवृत्त पोलिसांची खोडच असते. ऐकणारा मान डोलावतो आणि हळूच घड्याळ बघतो. पण ही घटना मला खरोखर आठवते, कारण तिच्यात चुकलेल्यांत पहिला नंबर माझा होता.

तुळजापूर तालुक्यात सोलापूर रस्त्याला लागून एक बाजारगाव आहे. नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. तिथल्या ठाण्याचा मी प्रभारी होतो आणि निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं. एका शुक्रवारी दुपारी गावातल्या मोबाइलच्या दुकानात चोरी झाली. दुकानाचे मालक हाजीसाहेब, गावातलं वजनदार माणूस. जुम्म्याच्या नमाजला त्यांची जागा पहिल्या सफेत, म्हणजे पहिल्या रांगेत, ठरलेली. ते शटर अर्धं ओढून मशिदीत गेले. परत आले तर नव्या हँडसेटचे खोके गायब, आणि गल्लीच्या पलीकडचा मोबाइल दुरुस्तीवाला दारात उभा राहून ओरडतोय, "हबशी होता, हबशी! खोके घेऊन पळाला!"

हाजीसाहेब ठाण्यात आले आणि आमच्या लेखनिकानं फिर्याद लिहून घेतली. 'अनोळखी परदेशी इसम, वर्ण काळा, केस कुरळे, फिर्यादीने समक्ष पाहिला.' दुरुस्तीवाल्यानंही जबाब दिला की आपल्या काउंटरवरून चोराचा चेहरा स्पष्ट दिसला. मी दोन्ही कागद वाचले आणि पुढच्या कामाला लागलो. 'समक्ष पाहिला' हे दोन शब्द ठाण्यात फार स्वस्त असतात. केस मजबूत व्हावी म्हणून ते आपोआप पडतात, आणि पडू देणारा अधिकारी मीच होतो.

पुढच्याच शुक्रवारी सव्वा वाजता फोन आला. "साहेब, तो हबशी घावलाय. लवकर या, न्हायतर पब्लिक जीव घेईल त्याचा."

सोलापुरात फार्मसी शिकणारा सुदानचा विद्यार्थी होता तो. तुळजापूरला मित्राकडे निघालेला. नमाजची वेळ झाली म्हणून बसमधून उतरला आणि गल्लीच्या तोंडाशी मशिदीच्या नळावर वजू करायला बसला. त्याचे पाय धुऊन व्हायच्या आत दुरुस्तीवाल्यानं "हाच तो!" म्हणून बोंब ठोकली. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याचा ओठ फुटला होता, सदऱ्याची बाही खांद्यापासून लोंबत होती आणि तो ओल्या पायांनी धुळीत उभा होता.

"त्या हबश्याला गाडीत घाला," मी ओरडलो. हे माझेच शब्द. गर्दीतल्या कुणाचे नव्हेत.

एकच शहाणपण त्या दिवशी सुचलं. हाजीसाहेब अजून मशिदीत होते, त्यांच्या नजरेला तो पडू नये म्हणून त्याच्या तोंडावर टॉवेल टाकायला लावला. फिर्यादीनं आधीच पाहिलेल्या संशयिताची ओळख परेड घेण्यात अर्थ नसतो.

ठाण्यात आल्यावर त्यानं माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि म्हणाला, "अस्सलामु अलैकुम, सर." सलामाला उत्तर देणं आमच्यात बंधनकारक आहे. लहानपणी अम्मीनं कान पिळून शिकवलेलं. पण समोर सगळा स्टाफ उभा होता, आणि आपला माणूस म्हणून साहेब नरमले असं कुणी म्हणायला नको, म्हणून मी नुसतं "हं" केलं आणि खुर्ची दाखवली.

चौकशीत त्यानं काही लपवलं नाही. चोरीच्या दिवशी तो तापानं खोलीत पडून होता. साक्षीदार? कुणी नाही. शेवटच्या वर्षाची परीक्षा सतरा दिवसांवर होती. तिच्यावर व्हिसा अवलंबून, आणि परत जावं तर घर लढाईत उद्ध्वस्त झालेलं, आई निर्वासितांच्या छावणीत. तुटक्या हिंदीत तो म्हणाला, "सर, मारायचं तर मारा. पण अटक लिहू नका."

"का रे?"

"मार बरा होतो. अटक माझ्या पासपोर्टच्या मागे जन्मभर चालत येईल."

चौतीस वर्षांत हजार आरोपींनी हात जोडले असतील, पण असं कुणी बोललं नव्हतं. मी अटक दाखवली नाही. पासपोर्ट जमा करून घेतला आणि चौकशीला हजर राहण्याची नोटीस देऊन त्याला सोडलं. तेवढ्यावर गाव तापलं. संध्याकाळी मशिदीच्या कमिटीचे चौघे ठाण्यात आले.

"साब, हाजीसाहेब आपल्या जमातीचे, तुम्ही आपल्या जमातीचे. आणि बाजू त्या परक्याची घेता?"

"तोही कलमा पढतो," मी म्हणालो. "नमाजलाच आला होता."

"वो अलग है, साब."

ते ऐकून माझं डोकंच फिरलं. फिर्यादी, संशयित, साक्षीदार आणि तपास करणारा, चौघंही नमाजला एकाच किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, तोंड करणारे. (दुरुस्तीवाला ईदशिवाय मशिदीची पायरी चढत नसे आणि दर जुम्म्याला त्याला नेमकी सर्दी व्हायची, ही गोष्ट वेगळी.) गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, हे पैगंबरांनी अखेरच्या खुतब्यात, म्हणजे प्रवचनात, सांगितल्याचं कमिटीच्या या चौघांनी माझ्याहून जास्त वेळा ऐकलं असणार. तरी मध्ये कातडी आलीच. त्यांच्यावर मी ओरडलो खरा, पण दुपारी 'हबश्याला गाडीत घाला' म्हणणारं तोंड कुणाचं होतं?

ओळख परेडीची तयारी मी आमच्या हवालदारांवर सोपवली. माकणीचा माणूस, कामाला वाघ. ते तासाभरात सल्ला घेऊन आले. "साहेब, परेडीला संशयितासारखी दिसणारी सहा मानसं लागत्यात ना? आपल्याकडं काळी मानसं काय कमी हायेत व्हय? माझ्यापासनं सुरुवात करा की."

मला हसू फुटलं. "अहो, त्या रांगेत तुम्ही आणि तुमचे पाच पाहुणे उभे केले, तर आंधळासुद्धा बरोबर त्यालाच धरील. ती परेड नव्हे, तमाशा होईल."

"मग त्याच्यासारखी सहा मानसं आणायची कुठनं?"

"सोलापुरातनं."

मी कॉलेजच्या प्राचार्यांना फोन लावला. त्यांनी आफ्रिकेतून आलेल्या विद्यार्थ्यांशी बोलून दिलं. आधी कुणी तयार होईना. पोलिसांच्या दारात आपण होऊन कोण उभं राहील? शेवटी बुधवारी सहा जण एसटीनं आले. कुणी सुदानचे, कुणी टांझानियाचे, कुणी नायजेरियाचे. तीन मुसलमान, तीन ख्रिस्ती. मी चहा आणि गरम भजी मागवली आणि रांगेत उभं केल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. त्यातला एक उंच टांझानियन हसला. "रांग आम्हाला नवी नाही, सर. विमानतळावर सगळे एका रांगेतून जातात, आम्हाला बाजूला काढून दुसरी रांग करतात. युरोपात तेच, आखातात तेच. तिथं तर कामावर पगारसुद्धा पासपोर्ट बघून ठरतो. इथं खोली भाड्यानं मागितली की फोनवर 'या' म्हणतात आणि दारात आल्यावर 'कालच दिली.' भजी देणारं पोलीस ठाणं मात्र पहिलंच."

सगळे हसले. मीही हसलो, पण हातातलं भजं परत बशीत ठेवलं. आमच्या घरी थोरल्या मुलासाठी स्थळं बघताना "लडकी साफ रंग की होना" म्हणणारा मीच. जगाची ही प्रतवारी कुणा गोऱ्या साहेबानं जहाजं आणि तोफांच्या जोरावर लावली असेल. आमच्यातल्याच बड्या व्यापाऱ्यांनी त्याआधी हबशी गुलामांचे बाजार भरवले, तेही खरं. पण ती टिकते कुणाच्या जिवावर? आपल्याला कुणी काळा म्हटलं की आपण लगेच खाली वाकून आपल्यापेक्षा काळा शोधतो. शोधला की समाधान. आणि हे कुठं, तर परंड्याचा किल्ला ज्या निजामशाहीचा, तिचा कारभार ज्या दख्खनमध्ये एका हबश्यानं चालवून दाखवला, तिथं!

परेड तहसील कार्यालयात झाली. ती नायब तहसीलदार घेतात, दोन पंच असतात, पोलिसांना आत थांबता येत नाही. मी आणि हवालदार बाहेर लिंबाखाली उभे. त्यांनी तीनदा तंबाखू मळली आणि तीनदा खायची विसरले. हाजीसाहेब आत गेले. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा भीती वाटली. त्यांनी चुकून बरोबर त्याच्यावरच हात ठेवला तर? सातातला एक, नशिबाचा खेळ. मग बारा दिवसांवर आलेली परीक्षा आणि छावणीत बसलेल्या आईची आशा, दोन्ही गेलं.

दहा मिनिटांनी नायब तहसीलदार बाहेर आले. चष्मा पुसत म्हणाले, "फिर्यादीनं ओळखलं. खात्रीनं. तिसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला."

"आपला पोरगा कितवा होता?"

"सहावा."

तिसरा नायजेरियाचा होता. त्याचा पासपोर्ट मागवला आणि शिक्का बघितला. चोरी झाली त्यानंतर चार दिवसांनी तो आयुष्यात पहिल्यांदा भारतात उतरला होता! हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आता ह्यो काय इमानातनं हात लांब करून खोके उचलत होता का काय?"

मी हाजीसाहेबांना माझ्या खोलीत बसवलं आणि पासपोर्ट पुढं ठेवला. ते पांढरेफटक पडले. मी आवाज चढवला नाही, एवढंच विचारलं, "हाजीसाहेब, हजला ज्या तोंडानं लब्बैक म्हणालात त्या तोंडानं सांगा. तुम्ही चेहरा पाहिला होता?"

त्यांनी हातातली तसबीह, म्हणजे जपमाळ, टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "पाठसुद्धा न्हाय बघितली, साब. आलो तवा तो दुरुस्तीवाला ओरडत होता. हबशी म्हनला, आन् माझ्या डोळ्यापुढं हबशी उभा राहिला. तुमच्या लेखनिकानं इचारलं, समक्ष पाहिला का? म्हनलं, लिहा."

आता सगळं प्रकरण त्या एका ओरडण्यावर येऊन थांबलं. 'हबशी' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला कुणी? दुरुस्तीवाल्यानं. त्यानं पाहिलं कुठून? स्वतःच्या काउंटरवरून, दीड-पावणेदोनच्या सुमारास.

शुक्रवारी दुपारी दीड वाजता मी साध्या कपड्यांत त्याच्या काउंटरमागं जाऊन उभा राहिलो आणि कपाळावर हात मारून घेतला. मशीद लहान आहे. जुम्म्याला माणसं मावत नाहीत म्हणून गल्लीत चटया पडतात, उन्हासाठी वर ताडपत्री आणि रस्त्याची वर्दळ दिसू नये म्हणून दोन्ही बाजूंना कनातीचं कापड. काउंटरवरून हाजीसाहेबांचं दुकान सोडा, त्याची पाटीसुद्धा दिसत नव्हती. त्या कनातीत मी स्वतः कितीदा नमाज पढलोय! पण त्या वेळी आम्ही सगळे आत, माना खाली. बाहेरून काय दिसतं हे बघायला गावात एकच माणूस उरतो, ज्याला दर जुम्म्याला सर्दी होते.

"काय रे," मी त्याला विचारलं, "इथून चेहरा स्पष्ट दिसला म्हणालास. मला तर हाजीसाहेबांचं दुकानच दिसेना."

त्यानं कनातीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि सगळं कबूल केलं. कनातीच्या आडून, अर्ध्या शटरखालून तोच आत शिरला होता. मोबाइलवर फिरणारे परदेशी चोरांचे व्हिडिओ बघून त्याला ती आयडिया सुचली. "हबशी म्हटलं की कुनी पुढचं इचारीत न्हाय, साहेब," असं तो म्हणाला. संबंध चौकशीत तेवढं एक वाक्य तो खरं आणि शहाणपणाचं बोलला. दोन पंचांसमक्ष त्यानं दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरांच्या डब्यांतून सगळे खोके काढून दिले.

शनिवारी सकाळी विद्यार्थी पासपोर्ट घ्यायला आला. पोलिसांचं पत्र असल्याशिवाय कॉलेज हॉल तिकीट देणार नव्हतं, म्हणून पत्र तयार ठेवलं होतं. तो दारात दिसताच मी खुर्चीवरून उठलो आणि अख्ख्या स्टाफसमोर मोठ्यानं म्हणालो, "अस्सलामु अलैकुम. आणि त्या दिवशी तुझ्यासाठी जो शब्द वापरला, त्याची माफी मागतो."

"व अलैकुम अस्सलाम, सर." त्याला उत्तर द्यायला क्षणसुद्धा लागला नाही. मला आठ दिवस लागले होते. मग तो हसला. "आणि सर, हबशी म्हणजे इथिओपियाचे, आमचे शेजारी. चांगली माणसं आहेत."

हवालदार स्वतः पत्र घेऊन त्याच्याबरोबर सोलापूरला गेले आणि हॉल तिकीट हातात पडल्याशिवाय परतले नाहीत. पोरानं सगळे पेपर दिले. पुढं पासही झाला आणि व्हिसाही वाढला.

पेपर सुरू असतानाच एका शुक्रवारी हाजीसाहेब गाडी घेऊन त्याला आणायला गेले. जिथं त्याला मारलं त्याच नळापाशी, जमलेल्या सगळ्यांसमोर त्यांनी त्याचे हात धरून माफी मागितली. मग मशिदीत नेऊन माइकसमोर उभं केलं आणि म्हणाले, "आज अजान तू दे." मदिन्यात पहिली अजान ज्यानं दिली तो माणूस काळा होता, गुलामीतून सुटलेला होता, हे आम्हा प्रत्येकाला तोंडपाठ. त्या दिवशी ते पहिल्यांदा कानाला ऐकू आलं. तीन आठवड्यांपूर्वी "पकडा" म्हणून धावलेली गल्ली त्याच्या आवाजावर शटर ओढून निघाली. मी तिसऱ्या सफेत होतो. पहिल्या सफेत हाजीसाहेब आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून तो. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

आता निवृत्तीनंतर कधीमधी नव्या अंमलदारांपुढं बोलायला बोलावतात. मी त्यांना आमचा वर्णनाचा तक्ता दाखवतो. त्यात 'वर्ण' नावाचा एक रकाना आहे. चौतीस वर्षं मी तो सगळ्यात आधी भरला आणि भरला की मला वाटायचं, माणूस दिसला. पोरांना सांगतो, बाबांनो, तो रकाना शेवटी भरा. आधी साक्षीदाराला विचारा की त्यानं नेमकं काय पाहिलं, आणि मग ज्या जागेवरून पाहिलं म्हणतो तिथं स्वतः जाऊन उभे राहा. धाकट्या मुलासाठी स्थळं बघायला लागलो, तेव्हा हाच नियम मी घरीही लावला. बायको म्हणाली, "उशिरा का होईना, साहेबांचा तपास पूर्ण झाला."